न पिंजलेला कापूस

टपाचं शेवटचं बटण कमरुन्निसानं अंगठ्यानं दाबलं. टक् असा आवाज झाला आणि गाडी पुरी झाली.

इलाहीबक्ष दोन पावलं मागं सरकला. लाल, दोनच माणसांची विलायती मोटार. बहात्तर साली ती त्याच्या अक्कलकोट रोडवरच्या शेडमध्ये आली ती बैलगाडीवर लादून, आणि पुढच्या दिव्यात चिमणीनं घर केलेलं होतं. तीन वर्षं लागली. आता चाकांची तारन् तार चकाकत होती.

"बघ की जरा," तो बायकोला म्हणाला. "गोरा साहेब टाकून गेला तवा बी अशी नसंल."

कमरुन्निसा बघतच होती, पण तिनंच शिवलेल्या गादीकडं. स्टेअरिंगमागची गादी पुन्हा दबली होती. सकाळी तिनं ती थोपटून सारखी केली होती. कालही केली होती. आणि त्या जागी अजून कुणी बसलेलं नव्हतं.

ती पिंजाऱ्याची लेक. जुन्या गादीतला कापूस आधी पिंजायचा आणि मगच दुसरीकडं भरायचा, हे तिच्या माहेरी पोराटोरांनाही ठाऊक. कापूस अंगाला विसरत नाही, वडील म्हणायचे, कमानीच्या फटक्यांनी त्याला विसरायला लावावं लागतं. पण गाडीच्या मालकिणीच्या, चंद्रव्वांच्या घरून सीटमध्ये भरायला जुनी गादी आली त्याच दिवशी कमानीवरची ताणलेली तात तुटली, त्यात तान्ही बिस्मिल्ला तापलेली. तिनं पोरीला मांडीवर घेऊन कापूस नुसता हातानं मोकळा केला, भरला, आणि शिवणीचा दोरा दातानं तोडला.

गादी कुणाची होती ते काल निरोप घेऊन आलेल्या गड्यानं सहज सांगितलं. चंद्रव्वांच्या लेकाची, गुरप्पाची. ही गाडी त्यानंच हौसेनं आणली होती. ती दुरुस्त व्हायची वाट बघत तो आठ महिने त्या गादीवर पडून होता, आणि तिच्यावरच गेला.

निरोप असा होता की गाडी उद्या घरी आणा. चंद्रव्वांच्या घरची रीत, पहिल्या फेरीला पुढं लेकुरवाळी बसवायची, मांडीवर लेकरू घेऊन. कमरूनंच बसावं.

गिरणीचा तीनचा भोंगा झाला तसा दारात टांगा थांबला. चंद्रव्वा उतरल्या. हातात नारळ, पदरानं कपाळ पुसत त्या सरळ झोळीपाशी गेल्या आणि वाकून पोरीकडं बघत राहिल्या.

"दात आलं की गं हिला."

"दोन आलेत, अव्वा." कमरुन्निसानं नवऱ्याकडं पाहिलं. "अव्वा, एक चुकलंय माझं."

"आज नक्को, कमरू," इलाहीबक्ष हळूच म्हणाला.

"तात तुटली म्हणून गादीतला कापूस न पिंजताच भरला मी. आत्ता उसवते. सांजच्या आत पिंजून देते भरून. मग बसते फेरीला."

चंद्रव्वांची पाठ अजून गाडीकडंच होती. झोळीची दोरी त्यांनी हलकेच ओढली, सोडली.

"दबतीय?"

"व्हय."

"डाव्या अंगाला?"

कमरुन्निसानं मान हलवली. शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

"झोपून झोपून डावी कूस मोडली होती त्याची," चंद्रव्वा म्हणाल्या. "तुजी तात तुटली म्हणून पिंजायचं ऱ्हायलं व्हय? तुटली नसती तर मी येऊन हात धरला असता तुजा. घरात सात गाद्या हाईत. त्यातली तीच का धाडली म्हणतीस?"

"अव्वा, पोर लहान हाय माझी."

"तुजी पोर तुज्याच मांडीवर की. मी काय तिला नेती का काय?" त्या हसल्या, मग हसू थांबवून म्हणाल्या, "मीच बसले असते बाई. पण मला आता लेकुरवाळी कोण म्हणंल?"

कमरुन्निसानं झोळीतून पोरीला उचललं. झोपेनं गरम झालेलं डोकं खांद्यावर टेकलं. टोपडं सारखं केलं, काजळाचं बोट पुन्हा एकदा गालाला लावलं आणि डाव्या बाजूनं आत जाऊन बसली. मांडी आवळून, दाराला चिकटून.

इलाहीबक्षनं गाडी चालू केली. बाहेरूनच, दारातून आत वाकून. बसला नाही. इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं आणि मांजरासारखं घुरघुरू लागलं. मग तो नारळ घेऊन गाडीच्या पुढं गेला आणि फोडायला दगड शोधू लागला.

टपाखाली नव्या चामड्याचा वास भरला होता. बिस्मिल्ला जागी झाली. रडली नाही. आईच्या खांद्यावरून मान वळवून तिनं शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, बराच वेळ, जरा वर, जिथं बसलेल्या माणसाचं तोंड असतं तिथं. आणि हसली. खालचे दोन दात दिसले. मग दोन्ही हात पसरून तिनं तिकडं झेप घेतली, पोरं ओळखीच्या माणसाकडं घेतात तशी.

कमरुन्निसानं तिला कमरेला गच्च धरलं.

"जाऊ दे की गं," चंद्रव्वा दाराशी येऊन म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "लेकरांचा लई लळा त्याला."

पोर खिदळत होती. कमरुन्निसानं बोटांत बोटं अडकवली, तिचं पोट आपल्या पोटाशी ओढून धरलं. हात तिनं सोडले नव्हते, जराही ढिले केले नव्हते. पण कुणीतरी काखेत हात घालून अलगद उचलावं तसं मांडीवरचं पोरीचं वजन कमी कमी होत गेलं.