नुसतंच छान

वासंतीने गादीवर पंजे टेकले, कोपर पोटात रोवलं, पाय वीतभर उचलले आणि ती धपकन कुशीवर पडली. ब्रेकडान्सच्या सरांनी टाळ्या वाजवल्या. "छान, काकू! तुम्ही प्रयत्न करताय, हेच खूप आहे." मग सगळ्या वर्गानेच टाळ्या वाजवल्या.

पुढची पाळी तिच्या धाकट्या जावेची. शर्वरी म्हणजे शेवग्याची शेंग. तिने दोन्ही पाय अलगद हवेत नेऊन थांबवले, तरी सर तिच्यावर कडाडले, "गुडघा वाकलाय! मान कुठे चाललीय? पुन्हा!"

शेवटी घाम पुसत शर्वरी शेजारी येऊन बसली. "तुमचं बरं आहे, वहिनी. तुम्हाला कोणी बोलत नाही."

वासंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. जावेची कंबर, सासूबाईंनी तिला दिलेल्या पाटल्या, सगळं तिने आजवर गिळलं होतं. हा ओरडा मात्र तिला गिळवेना. जिच्याकडून काही होईल अशी आशा असते, तिच्यावरच माणूस ओरडतो, एवढं तिला कळत होतं.

गुडघ्यावर हात देऊन ती उठली. "सर, टाळ्या पुरे. माझं चुकतंय काय, ते सांगा."

पाय पुन्हा वीतभरच उठले आणि ती पुन्हा आदळली. या वेळी सर तिच्याजवळ उकिडवे बसले.

"कोपर निसटतंय! नजर जमिनीवर ठेवा! आणि एवढ्या घाबरताय कशाला? पुन्हा!"

नव्या पाटल्या मिरवाव्यात तसे दोन्ही हात वर करून वासंतीने जावेकडे पाहिलं, आणि मगच ते गादीवर टेकले.