दोन पास आणि एक खिडकी

"पास खरे आहेत कशावरून?" तपासनिसांनी एका बोटानं टाइप केलं, पायानं दाराला लावलेली वीट सरकवली आणि खोलीचं दार लोटून घेतलं. बायको स्वयंपाकघरात होती. तिला यातलं काही कळता कामा नये.

तिकीट तपासनीस म्हणून तीस वर्षं बसमध्ये काढलेला माणूस. बनावट पास नुसता हातात घेतला तरी ओळखायचा, अशी ख्याती. पण ऑनलाइन बाजारात हातात कसलं काय घेणार, कप्पाळ! मागच्या वर्षी बायकोच्या गुडघ्यांसाठी शेकायचं यंत्र मागवलं, तर खोक्यातून निघाली वीट. बायकोनं ती टाकून दिली नाही. दाराला अडकण म्हणून लावली आणि आल्यागेल्याला दाखवायला लागली, "हे आमचं यंत्र."

आता गुरुवारी दोघं लेकीकडे निघाली होती. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, आणि मधे विमान बदलायला सात तास. बायकोचे गुडघे लोखंडी बाकावर तासभरही तग धरत नाहीत. विमानतळावरच्या लाउंजमध्ये मऊ कोच असतात, पाय लांब करता येतात. तिथे तिला अचानक नेऊन बसवायचं, असा तपासनिसांचा बेत होता. 'विश्वासू ताई' नावाच्या बाईनं दोन पास विकायला काढले होते. विमानतळ तोच, मुदतही बाकी. फक्त पुन्हा वीट निघाली, तर घरात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

"शंभर टक्के खरे आहेत, दादा," ताईंचं उत्तर आलं.

"असं सगळेच म्हणतात, ताई. आजच्या पेपरवर दोन्ही पास ठेवून फोटो पाठवा. तारीख दिसली पाहिजे."

"किती हो संशयी तुम्ही!"

मग पलीकडे सामसूम. सापडली, तपासनीस मनात म्हणाले. चोर सापडला की अस्साच गप्प होतो.

"अहो," स्वयंपाकघरातून हाक आली, "आजचा पेपर कुठे ठेवलात?"

"माझ्याकडे आहे. तुला आत्ता कशाला?"

"कपाटात घालायचाय."

"अगं, आजचा? शब्दकोडं अर्धं राहिलंय माझं!"

"द्या हो. देते लगेच परत."

तपासनिसांनी फोन पाठीमागे धरला आणि दाराच्या फटीतून पेपर दिला. घेताना तिचाही एक हात पदराआड होता, पण तिकडे कोण बघतंय?

फोटो आला. दोन पास, खाली आजची तारीख. तपासनिसांनी फोटो मोठा केला आणि डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. नंबर, शिक्का, मुदत. मग बोट थबकलं. पासच्या कडेला अर्धं सोडवलेलं शब्दकोडं होतं, अक्षर त्यांचंच. आणि पास दाबून धरणाऱ्या अंगठ्यावर एक चिकटपट्टी होती, वाकडी. सकाळी कुकरची वाफ लागली तेव्हा त्यांनीच लावलेली. "एक पट्टी धड लावता येत नाही," असं वर ऐकूनही घेतलं होतं.

तपासनीस पलंगावर बसले. हसू इतकं उसळलं, की उशी तोंडाशी धरावी लागली.

जरा वेळानं त्यांनी टाइप केलं, "पास खरे दिसतात, ताई. पण विकता कशाला? स्वतःच बसा की."

उत्तर आलं.

"लेकीनं गुपचूप पाठवलेत, माझे गुडघे दुखतात म्हणून. पण आमच्या ह्यांनी जन्मभर बसमध्ये उभ्यानं नोकरी केली. आता पहिल्यांदा विमानात बसणार, तर मधली जागा घेऊन आलेत. खिडकीला जादा पैसे पडतात ना. मला म्हणतात, ढगांत काय बघायचंय? आणि लेकीला फोनवर विचारतात, वरून समुद्र दिसतो का गं? मी बसेन बाकावर, दादा. त्यांना खिडकी मिळू दे."

तपासनिसांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, तरी अक्षरं धूसरच. घासाघीस करायची ठरवली होती, ती राहिलीच. त्यांनी मागितलेली सगळी रक्कम पाठवून दिली.

स्वयंपाकघरात फोन वाजला. "आले गं बाई!" पाठोपाठ एक झाकण खणखणत खाली पडलं.

तपासनिसांनी सदरा नीट खोचला, वीट ओलांडली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. भरलेली बस गप्प करणारा आवाज त्यांनी किती वर्षांनी लावला.

"पास दाखवा!"

ती दचकून वळली. पास हातातच, पेपर ओट्यावर. तिनं त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"अगंबाई! म्हणजे ते दादा..."

"हो, ताई."

"शी! नवऱ्याला दादा दादा करत बसले मी!" ओट्याला धरून ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. "आणि पैसे? अहो, घरातलेच घरात आले की!"

"येऊ देत. त्यातून खिडकी काढ."

त्यांनी पास घेतले, उजेडात धरले, उलटेपालटे केले, कडेवरून अंगठा फिरवला. ती पदरानं डोळे पुसत वाट बघत राहिली.

"खरे आहेत," ते म्हणाले आणि पायानं स्टूल पुढे ओढलं. "बसा, ताई. पाय लांब करा."

ती बसली. मग तिनं दुसरं स्टूल स्वयंपाकघराच्या खिडकीशी सरकवलं आणि त्यावर थाप मारली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती आणि गळका पाइप. तपासनीस खिडकीत कोपर टेकून ऐटीत बसले.

"दिसतो का हो समुद्र?" तिनं विचारलं.

"दिसतोय की," ते म्हणाले.