पेरलं

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, पण जीव सगळा फोनवरच्या क्रिप्टोच्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे आभासी नाण्यांच्या तिजोरीत. ठेवीवर मिळालेलं बक्षीस हा व्हॉल्ट आपोआप गोळा करतो आणि त्याच ठेवीत परत टाकतो. मग पुढचं बक्षीस वाढलेल्या ठेवीवर. तसं झालं की फोन वाजावा म्हणून बाबांनी स्वतःच्या आवाजात एकच शब्द भरून ठेवला होता, "पेरलं."

बाबा गेले, तरी फोन वाजत राहिला. शिवणयंत्रावरून मान वर न करता आई दर वेळी म्हणायची, "बरं."

परवा आवाज आला, "पेरलं गं."

"तुला भास झाला असेल," आई मला म्हणाली, पण लाजली.

काल दुपारी, "पेरलं गं. जेवलीस का?"

"जेवले हो," आई म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. आज ती दोरा आणायला बाहेर पडली, तशी मी फोन उघडला. सगळं काढून घ्यायचं आणि एकदाचा व्हॉल्ट बंद करायचा. बटणावर बोट टेकवणार, तोच फोन वाजला.

"नको ना काढूस, चिमणे," बाबा म्हणाले. "अजून उगवतोय मी."