मोठं चाक

"नट पूर्ण काढू नकोस, दोन आटे राहू देत," बाबा म्हणाले. "स्टिअरिंग एकदम सुटलं तर थेट नाकावर येतं. माझं नाक बघ."

"तुमचं नाक लग्नातही असंच होतं," आई म्हणाली.

बाबांना जीपपासून लांब, स्टुलावर बसवलं होतं. फक्त बोलायचं, हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. ते पाळतील याची मुलीला खात्री नव्हती. पाना फिरवता फिरवता ती दर थोड्या वेळाने त्यांच्याकडे बघत होती. चेहरा घामेजलेला नाही ना, श्वास नीट चाललाय ना.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाने दगा दिला होता. जड काही उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जीपचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. ती बाबांनी परवानगी समजली. पण गाडी जुनी. डोंगराच्या खडबडीत वाटेवर तिचं स्टिअरिंग वळवायला दोन्ही खांदे लागत. विकून टाकू म्हटल्यावर बाबा भरल्या ताटावरून उठले होते. शेवटी तोडगा निघाला तो स्टिअरिंगच्या मोठ्या चाकाचा. चाक जेवढं मोठं, तेवढा जोर कमी. मुलीने ते जुन्या गाड्यांच्या बाजारातून शोधून आणलं आणि बसवायला रजा काढून घरी आली.

जुनं चाक मात्र गंजून दांड्याला चिकटलं होतं. हलेना.

"सरक, मी बघतो."

"बसा!" दोघी एकदमच ओरडल्या.

"घरात दोन-दोन फौजदार," बाबा पुटपुटत खाली बसले. "मग असं करा. एकीने आत बसायचं, गुडघे चाकाखाली लावून वर रेटायचं. दुसरीने दांड्यावर ठोकायचं."

"मी बसते," आई म्हणाली. "ठोकायचं तू. माझा नेम तुला माहीत आहे."

कपडे सावरत ती गाडीत चढली. हिवाळ्यापासून घरातलं जड ते सगळं तिच्याकडेच आलं होतं. गॅसची टाकी, पाण्याचे कॅन, या गॅरेजचं शटरसुद्धा. त्यात हे आणखी एक.

"जोर लाव गं आई!"

"लावतेय ना! आता काय परत बाळंत होऊ?"

बाबा खो खो हसले आणि हसता हसता खोकू लागले. मुलीने हातोडी टाकली आणि धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"अगं, हसलो फक्त."

"गप्प बसा. बोलू नका."

मागे काहीतरी कडकन वाजलं.

"निघालं बाई एकदाचं," आईचा आवाज आला.

नाडी नीट लागली तेव्हाच मुलगी वळली. सैल नट काढून, चाक मांडीवर घेऊन आई मागे टेकून बसली होती.

"उतर ना. नवीन बसवू."

"बसू दे गं जरा. कधी नव्हे ते ड्रायव्हरच्या जागेवर बसलेय."

नवीन चाक काही बसलं नाही. त्याच्या भोकातले दाते दांड्याच्या दात्यांत जाईनात.

"उद्या बदलून आण," बाबा म्हणाले. "एक दिवस गाडीवाचून काय अडतंय?"

दुसऱ्याच सकाळी अडलं. गाडी गॅरेजमध्ये होती आणि तिला चाक नव्हतं. अँब्युलन्स आली तोवर उशीर झाला होता.

"झटका मोठा होता," डॉक्टर म्हणाले. "लवकर पोचला असतात तरी फार फरक पडला नसता."

हे ते सगळ्यांनाच सांगत असावेत, असं तिला वाटलं.

घर माणसांनी भरलं. ती एका जागी बसू शकत नव्हती. धुतलेले कप पुन्हा धुवायची. गॅरेजमध्ये जाऊन त्या उघड्या दांड्यासमोर उभी राहायची आणि परत यायची. गोळ्यांच्या डबीत तिने आठवड्याच्या गोळ्या भरल्या, झाकण लावलं, पुन्हा उघडून पाहिलं. ते बघून आत्याने डोळ्यांना पदर लावला.

"तू काय कमी केलंस गं?" आत्या म्हणाली. "माणसाने किती लक्ष ठेवायचं?"

तिने डबीचं झाकण पुन्हा लावलं.

पाहुणे पांगल्यावर ओळखीचा मेकॅनिक योग्य चाक घेऊन आला.

"द्या ताई, मी बसवतो."

"नको. मीच बसवणार."

तो घुटमळला. "विकायची असेल तर एवढं मोठं चाक कशाला? जुनंच लावू की."

"विकायची नाहीये."

त्याने पुढचे टायर सरळ आहेत का ते वाकून पाहिलं. तिने चाक दांड्यावर ठेवलं. या वेळी दाते दात्यांत बसले. नट फिरवून तिने सगळा भार टाकून आवळला. हॉर्नची तार जोडताना हॉर्न ठणाणा बोंबलला आणि दोघंही दचकली.

"झालं," मेकॅनिक म्हणाला. हत्यारं आवरून तो निघून गेला.

ती आत जाऊन बसली. चाक डावीकडे फिरवलं, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. एका हाताने फिरत होतं. हात थांबेनात.

पलीकडचं दार करकरलं. कोणीतरी दांडी धरून सावकाश वर चढलं, तिच्या शेजारी बसलं आणि हात लांब करून चाक जरासं फिरवून पाहिलं.

"हलकं झालं गं," बाबा म्हणाले.

ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग तिने चाक सोडलं.

"आपण तिघंही तुम्हालाच जपत राहिलो, बाबा. आईला जपायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही."