पुसदचा ड्रायर

लोहाऱ्यातल्या आमच्या डाळ मिलला जिल्ह्यात पहिलं यायचं होतं. म्हणून मॅनेजर सलीलसाहेब पुसदच्या नावाजलेल्या मिलची पाहणी करायला गेले आणि तिथला ड्रायरच विकत घेऊन आले. उन्हात तूर वाळवणं त्यांनी मागासलेलं ठरवलं. वाळवणाच्या बायांना घरी बसवलं आणि त्या अंगणात स्वतःच्या गाडीसाठी शेड बांधून घेतली.

वर्षभरात डाळीची चव गेली, मागोमाग गिऱ्हाइकंही गेली. साहेब पुन्हा पुसदला धावले, तर तिथं अंगणभर तूर उन्हात पसरलेली.

"हे काय, रामराव?" साहेबांनी मालकाला विचारलं.

"आमचे माणसं तुमची मिल पाहून आलते साहेब. तुमच्यासारखीच डाळ करायचं ठरलं, म्हणून तं ड्रायर तुमाले इकला."