गच्चीवरची सोबत

"सिगारेट ओढणारा भाडेकरू आम्हाला चालणार नाही," खासनीसकाकूंनी बजावलं. खोली हवीच होती, म्हणून हृषीकेशने आपण ओढत नसल्याचं सांगून टाकलं.

पहिल्याच संध्याकाळी तो गच्चीवर चोरून सिगारेट पेटवत होता, तोच मागे खासनीसकाका येऊन उभे राहिले. त्याने घाईघाईने सिगारेट मुठीत लपवली.

"हिला सांगणार नाही," काका हळूच म्हणाले. "एक मलाही द्या."

मग ते रोजचंच झालं. दोघांच्या सिगारेटींचा खर्च खोलीच्या भाड्याइतका झाला, तेव्हा वैतागून हृषीकेशने सिगारेटच सोडली.

पुढच्याच महिन्यात काकांनी त्याला खोली रिकामी करायला सांगितलं.

"पण काका, माझं चुकलं काय?"

"चुकलं काही नाही हो," काका कष्टी होऊन म्हणाले, "पण निर्व्यसनी माणसाशी माझं फार दिवस जमत नाही."