पडद्यावरचा डबा

उन्हाळ्याची संध्याकाळ. मुलाने आईला आधी आइस्क्रीम खाऊ घातलं, मग थंडगार थिएटरात आणलं. "बाबा ज्या मोर्चात गेले ना, त्यावर सिनेमा काढलाय. बघच तू."

पडद्यावर मोर्चा निघाला. कारखान्याच्या निळ्या कपड्यांतला एक कामगार पुढे आला. बाबांचीच चण, बाबांचाच चष्मा. हातात पत्र्याचा डबा, डब्याला बॉम्बसारखी लोंबणारी वात. इन्स्पेक्टरने गोळी झाडली. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. मुलाने मान खाली घातली.

आई उभी राहिली.

"ओ आजी, बसा की खाली. दिसत नाहीये आम्हाला."

"नाही बसत. ती वात नाही, दोरी आहे. जेवणाच्या डब्याचं झाकण सैल होतं, म्हणून सकाळी मीच बांधून दिली होती."